वर्षातला सर्वोत्तम मार्क: मत देण्याआधी झेल कसा पाहावा

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा हंगाम मार्चमध्ये सुरू झाला की दर आठवड्याला एक मतदान येतं. फेरीचे सामने आटोपतात आणि एएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, संकेतस्थळावर, अ‍ॅपवर त्या फेरीतले निवडक झेल, बहुधा तीन, क्लिपसकट मांडलेले दिसतात. त्यातला एक आपण निवडायचा. या खेळात लाथेने उडवलेला चेंडू झेलण्याला मार्क म्हणतात, आणि आठवड्याआठवड्याच्या या निवडीतूनच पुढे ‘मार्क ऑफ द इयर’ ठरतो. कोणत्या टप्प्यापर्यंत लोकांचं मत आणि कुठून पुढे तज्ज्ञांची समिती, हे वर्षागणिक बदलत आलं आहे. त्या हंगामाचा नियम मतदानाच्या पानावर लिहिलेला असतो, तो एकदा वाचून घ्या.

बहुतेक जण ट्रेनमध्ये उभ्या उभ्या पहिली क्लिप बघतात, बोट टेकवतात आणि मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्याने मानेवर, गुडघ्यावर जीव लावून चेंडू घेतला, त्याला आपली पाच मिनिटं तरी मिळायला हवीत. ती पाच मिनिटं कशी वापरायची, ते इथे सांगते.

मी हे कुठून बघते तेही आधी सांगायला हवं. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरी क्लबसाठी मी हिवाळ्यातल्या शनिवारी गोलपोस्टांच्या मागे कॅमेरा लावून उभी असते. टीव्हीवाले मैदानाच्या बाजूने दाखवतात. कोचला मात्र मागून घेतलेलं चित्रण लागतं, कारण कोण कुठून कुठे धावलं, कुणी कुणाला मोकळं सोडलं, ते तिथूनच कळतं. घरी आल्यावर ते सगळं कापून, खेळाडूवार लावून पाठवायचं काम माझ्याकडे असतं. एकच झेल पुढे-मागे करून बघायची सवय मला तिथे लागली, आणि कॅमेरा माणसाला किती फसवतो हेही तिथेच समजलं.

आधी मार्क म्हणजे काय ते पक्कं करा

चेंडू लाथेने मारलेला असावा, तो निदान १५ मीटर गेलेला असावा, वाटेत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नसावा, आणि घेणाऱ्याने तो नीट ताब्यात घेतलेला असावा. एवढं झालं की अंपायर शिट्टी वाजवतो, आणि त्या खेळाडूला कुणी अंगावर न येता पुढची किक मारायला मिळते. गोलच्या टप्प्यात असेल तर थेट गोलवर मारता येतं, म्हणजे सहा गुणांची संधी. शोभेची उडी म्हणून या झेलाकडे कुणी पाहत नाही, त्यातून सामना फिरतो.

क्रिकेटमधून आलेल्या आपल्या लोकांना एक गोष्ट सुरुवातीला खटकते. वर उडालेला खेळाडू खालच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवतो, कधी पाठीवर चढतो, आणि तरी फाउल नाही! नियम असा आहे की चेंडू मिळवणं हाच खरा हेतू असेल तर त्या ओघात झालेला स्पर्श चालतो. समोरच्याला ढकललं, चेंडूकडे न बघता अंगावर गेलं, त्याचे हात खाली ओढले, तर मात्र फ्री किक जाते. म्हणून क्लिप बघताना उडी मारणाऱ्याचे डोळे शोधा. डोळे चेंडूवर असतील तर बहुतेक वेळा झेल शुद्ध असतो. हातांनी खालच्या माणसाला दाबून उंची मिळवली असेल आणि अंपायरच्या नजरेतून ते सुटलं असेल, तर मी त्या झेलाला मत देत नाही, कितीही सुंदर दिसला तरी.

मार्क एकाच जातीचा नसतो

मतदानात घोळ होतो तो इथे. लोकांच्या मनात चांगला मार्क म्हणजे ‘स्पेकी’, म्हणजे कुणाच्या तरी खांद्यावर चढून आभाळात घेतलेला झेल. हँगर, स्क्रीमर ही त्याचीच नावं. या जातीची ओढ जुनी आहे. साउथ मेलबर्नचा रॉय कझेली १९२०च्या दशकात रकमध्ये, म्हणजे अंपायरने वर उडवलेल्या चेंडूसाठी दोन्ही संघांचे खेळाडू झुंजतात तिथे, उडी मारायला निघाला की त्याचे साथीदार ‘अप देअर, कझेली!’ असं ओरडायचे, आणि ती आरोळी मैदानाबाहेर पडून लोकांच्या बोलण्यात जाऊन बसली.

मग १९७०. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड अशी ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, होती, १,२१,६९६ प्रेक्षक होते. ही गर्दी आजवर कुठल्याही ग्रँड फायनलला मोडता आलेली नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये कार्लटनचा अ‍ॅलेक्स जेसॉलेंको कॉलिंगवूडच्या ग्रेम जेंकिनच्या खांद्यावरून वर गेला. ‘जेसॉलेंको, यू ब्यूटी!’ असं समालोचक माइक विल्यमसन ओरडला. मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असलेला कार्लटनचा संघ शेवटी १० गुणांनी जिंकला. जेसॉलेंकोचा जन्म ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा, लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आलेला, कॅनबेरात वाढलेला. आज मार्क ऑफ द इयर जिंकणाऱ्याला जे पदक मिळतं ते त्याच्याच नावाचं आहे. दुसऱ्या देशातून आलेल्या मुलाचं नाव या खेळातल्या सर्वात देशी कौशल्याला लागलं, याचा मला फार आनंद वाटतो.

त्या एका झेलाने सगळ्यांच्या डोक्यात चांगल्या मार्कचं चित्र ठरवून टाकलं. पुढचे गाजलेले झेलही त्याच वाटेने गेले. १९९५ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर मेलबर्नचा शॉन स्मिथ माणसांच्या घोळक्यावर चढला, तो झेल अनेक जण शतकातला सर्वोत्तम मानतात. २०१९ मध्ये वेस्ट कोस्टचा लियम रायन मॅक्स गॉनवर चढला. गॉन स्वतः दोन मीटरच्या पुढचा रकमन, आणि रायन त्याच्या मानाने अगदीच बुटका.

पण स्पेकीशिवाय इतर जातीही आहेत, आणि त्या ओळखता आल्या नाहीत तर मत अर्धवट राहतं.

पॅक मार्क: पाच-सहा जण एकाच जागी उडी मारतात, मुठी मारून चेंडू उडवायचा प्रयत्न करतात, याला इथे स्पॉइल म्हणतात, आणि त्या हातांच्या जंगलातून एकाचेच हात चेंडूला धरून राहतात. उंची फार नसते. बळ आणि हातांची पकड बघायची.

एकास एक: फुल फॉरवर्ड, म्हणजे समोरच्या गोलजवळचा मुख्य आक्रमक, आणि त्याला चिकटलेला बचावपटू. दोघंही अंगाने एकमेकांना रेटत असतात. चेंडू यायच्या आधीचे दोन सेकंद बघा, झेल तिथेच जिंकलेला असतो.

एका हाताचा: जिलॉंगचा गॅरी अ‍ॅब्लेट, थोरला अ‍ॅब्लेट, याने १९९४ मध्ये कॉलिंगवूडच्या गॅरी पर्टवरून घेतलेला झेल डोळ्यांसमोर आणा. तो ताबा पूर्ण होता की नाही यावर वाद घालणारे आजही भेटतात.

आणि चेंडूबरोबर मागे धावत घेतलेला. या जातीवर मला जरा थांबायचं आहे.

पाठमोरा झेल

चेंडू तुमच्या डोक्यावरून पुढे चालला आहे. तुम्ही त्याच्याच दिशेने धावताय, मान मागे वळवून, डोळे आभाळात. समोरून कोण येतंय ते तुम्हाला दिसत नाही. पण येतंय हे नक्की माहीत आहे, कारण तोच चेंडू घ्यायला शंभर किलोचा एखादा गडी पूर्ण वेगात तुमच्याकडे धावत असतो. अशा वेळी शरीर आपोआप आखडतं. खांदा पुढे येतो, नजर एक क्षण खाली जाते, हात अर्धवट उघडतात. ज्याचं असं होत नाही, त्याचा झेल.

हे मी माझ्या कॅमेऱ्यातून अगदी जवळून पाहिलं आहे. आमच्या क्लबचा एक बॅक पॉकेट, म्हणजे आपल्या गोलजवळचा बचावपटू, सडपातळ पोरगा, शब्दाने बोलेल तर शपथ. पावसाने मैदान चिखल झालेलं. समोरच्या संघाची लांब किक त्याच्या डोक्यावरून निघाली आणि तो वळून धावायला लागला, थेट माझ्या कॅमेऱ्याकडे. घरी ते चित्र थांबवून थांबवून बघितलं. पावलं छोटी होत गेलेली, म्हणजे टप्पा जुळवत होता. तोंड किंचित उघडं. बोटं पसरलेली, दोन्ही अंगठे चेंडूच्या मागे एकमेकांजवळ, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखे, लहान मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात तसे. चौकटीच्या उजव्या कडेने समोरच्या संघाचा एक खांदा आत येत होता. मी एकेक चित्र पुढे सरकवत होते, आणि पोराच्या पापण्या एकदाही मिटल्या नाहीत. चेंडू हातात बसला, पुढच्याच चित्रात तो खांदा त्याच्या बरगडीवर आदळला, दोघं आडवे झाले. चेंडू छातीशीच राहिला. जमिनीपासून त्याची उडी वीतभरसुद्धा नसेल.

हा झेल टीव्हीच्या नेहमीच्या कोनातून बघितला असता तर ‘एक माणूस धावला, चेंडू घेतला, पडला’ इतकंच दिसलं असतं. म्हणून पाठमोऱ्या झेलाला मतं कमी पडतात.

२००४ चा वाद इथले लोक अजून काढतात. त्या वर्षी सेंट किल्डाच्या निक रिवॉल्टने सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सिडनी स्वान्सविरुद्ध असाच मागे धावत, समोरून येणाऱ्या गर्दीत स्वतःला झोकून देत झेल घेतला. त्याच वर्षी वेस्ट कोस्टच्या अ‍ॅशली सँपीने एक भन्नाट स्पेकी घेतली. किताब सँपीला गेला. सँपीचा झेल अप्रतिम होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला विचाराल तर मी रिवॉल्टला मत दिलं असतं. उंच उडणाऱ्याला आपण कुठे पडणार याचा थोडाफार अंदाज असतो. मागे धावणाऱ्याला तोही नसतो. याउलट २००२ चा किताब ब्रिस्बेन लायन्सच्या जोनाथन ब्राउनला असाच चेंडूबरोबर धावत घेतलेल्या झेलासाठी मिळाला. म्हणजे धाडसाला कधीच न्याय मिळत नाही असं नाही. बघणाऱ्याने बघायला हवं.

क्लिप बघायची कशी

पहिली गोष्ट, आवाज बंद करा. समालोचक ओरडला की आपल्याही अंगावर काटा येतो आणि मग डोळे काय सांगतात ते ऐकू येत नाही. कॉलिंगवूडच्या गर्दीचा गलका आणि अर्ध्या भरलेल्या मैदानातला गलका यात फरक असतो, त्या फरकाची शिक्षा खेळाडूला कशाला?

मग पूर्ण वेगात, न थांबवता एकदा बघा. स्लो मोशन सगळ्यात शेवटी. संथ चित्रात प्रत्येक उडी तरंगल्यासारखी वाटते. खरं तर साध्या उडीत माणूस एक सेकंदसुद्धा हवेत नसतो. तेवढ्यात त्याने चेंडू कुठे येणार हे ताडलं, पाय उचलला, हात वर नेले. ती घाई पूर्ण वेगातच कळते.

दुसऱ्यांदा बघताना चेंडूकडे बघूच नका. किक बसली त्या क्षणी झेल घेणारा कुठे होता ते शोधा. क्लिप उशिरा सुरू होत असेल तर सामन्याच्या ठळक क्षणांच्या व्हिडिओत तोच प्रसंग काढा, तिथे थोडं आधीपासून दाखवतात. एखादा २० मीटर धावत येऊन, अचूक क्षणी एका पायावर उडालेला असतो. एखादा जागच्या जागी उभा होता आणि समोरचा घसरल्यामुळे त्याला मोकळा चेंडू मिळाला. शेवटच्या चित्रात दोघंही सारखेच उंच दिसतील.

तिसऱ्यांदा हात बघा. चेंडू बोटांत स्वच्छ घेतला की छातीवर आपटून मग कवटाळला? छातीवर घेणं वाईट नाही, पावसात तेच शहाणपणाचं. पण हात पूर्ण ताणून, डोक्याच्या वर, बोटांच्या टोकांनी घेतलेला चेंडू कठीण असतो, कारण तिथे चूक सावरायला दुसरं काही नसतं. लंबगोल चेंडू गरगरत येतो, टोक कुठे असेल ते शेवटपर्यंत सांगता येत नाही. तो एका झटक्यात चिकटला की दोनदा उडून मग सापडला, हे बघा. उडून सापडलेल्या झेलाला मी खालचा नंबर देते.

शेवटी खाली येणं. बरेच जण चेंडू हातात आला की क्लिप बंद करतात. अहो, निम्मी परीक्षा पुढेच असते. दुसऱ्याच्या खांद्यावरून तोल गेलेला माणूस पाठीवर, कधी मानेवर पडतो, आणि जमीन लागताना चेंडू सुटू द्यायचा नसतो. शिट्टी वाजली का, ताबा पूर्ण झाला का, बघा.

कॅमेरा कुठे होता, हे विचारा

मैदानाच्या कडेला, जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा उंची वाढवून दाखवतो, कारण खेळाडूच्या मागे थेट आभाळ येतं. स्टँडमध्ये उंचावर असलेला कॅमेरा तीच उडी चपटी करतो. आणि दुरून, लांब लेन्सने समोरून घेतलेलं चित्र तर फारच फसवतं. एकामागे एक, हातभर अंतरावर उभे असलेले तीन खेळाडू त्यात एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. बाजूला उडालेला माणूस खांद्यावर चढल्यासारखा वाटतो. मी गोलमागून चित्रण करते तेव्हा माझ्याही कॅमेऱ्यात हे होतं. म्हणून क्लबमध्ये कुणी ‘काकू, बघा ना, कसला चढलाय!’ असं म्हणत आला की आधी कडेवरून कुणी फोनवर घेतलं आहे का ते विचारते.

तेव्हा तीन क्लिपांपैकी एक जमिनीलगतच्या कॅमेऱ्यातून आणि दोन उंचावरून असतील, तर पहिलीला आपोआप मत देऊ नका. तिचाही उंचावरचा कोन शोधा. बाजूचा कोन असेल तर खालच्या खेळाडूच्या खांद्याच्या रेषेशी वरच्याचा गुडघा ताडून बघा. गुडघा खांद्याच्या वर गेला असेल तर तो झेल खरोखर वरच्या मजल्यावरचा.

उंचीचा हिशोब करताना माणसाची स्वतःची उंचीही धरा. दोन मीटरच्या रकमनने हात वर केले तरी तो अर्धा वर पोचलेला असतो. २०२४ चा किताब जिंकणारा कॉलिंगवूडचा बॉबी हिल हा छोटा फॉरवर्ड. अशा अंगाचा खेळाडू मोठ्यांच्या डोक्यावरून दिसतो, तेव्हा त्याने जमिनीपासून केलेलं काम जास्त असतं.

हवामान विसरू नका. मेलबर्नमधल्या डॉकलँड्सच्या मैदानावर छप्पर बंद असलं की चेंडू कोरडा, वारा नाही. हिवाळ्यात टास्मानियात किंवा उघड्या मैदानावर पावसात तोच चेंडू साबणासारखा निसटतो. ओल्या चेंडूवर हात ताणून घेतलेला झेल मी एक पायरी वर धरते.

सामन्याची वेळ धरायची का, यावर मतं वेगळी आहेत. २००५ च्या ग्रँड फायनलमध्ये शेवटच्या काही सेकंदांत सिडनीच्या लिओ बॅरीने स्वतःच्या गोलसमोर, माणसांच्या गर्दीत उडी मारून वेस्ट कोस्टचा शेवटचा हल्ला झेलला. सिडनी ४ गुणांनी जिंकलं, १९३३ नंतर त्या क्लबला पहिल्यांदाच विजेतेपद मिळालं, तेही मेलबर्न सोडून सिडनीला गेल्यानंतर. ‘लिओ बॅरी, यू स्टार!’ हे शब्द इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तरी त्या वर्षीचा मार्क ऑफ द इयर तो ठरला नाही. अलीकडे निकाल ग्रँड फायनलच्या आधीच जाहीर होतो, त्यामुळे शेवटच्या सामन्यातला झेल कितीही मोठा असला तरी त्याला वाट मिळत नाही. माझा स्वतःचा नियम असा: झेल आधी झेल म्हणून तोलायचा, आणि दोन अगदी सारखे वाटले तरच शेवटच्या क्वार्टरमधल्याला झुकतं माप द्यायचं.

आपल्या संघाचं काय करायचं

मी वेस्टर्न बुलडॉग्जची. पश्चिम उपनगरात राहून दुसरं कोण होणार! २०१६ मध्ये आम्ही जिंकलो तेव्हा १९५४ नंतरचं ते पहिलं विजेतेपद होतं, आणि फूट्सक्रेच्या रस्त्यावर म्हातारी माणसं रडत होती. म्हणजे संघावर प्रेम काय असतं ते मला कुणी सांगायला नको. आमच्या घरात मात्र ह्यांना कॉलिंगवूडचं वेड. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा जम्पर दिसला की मत पडलंच.

मतदान लोकांच्या हातात असलं की मोठ्या पाठीराख्यांचे क्लब जड भरतात, हे उघड आहे. कॉलिंगवूड, रिचमंड, एसेंडन, कार्लटन, वेस्ट कोस्ट यांच्यामागे लाखभर माणसं उभी असतात. गोल्ड कोस्ट किंवा ग्रेटर वेस्टर्न सिडनी यांच्यामागे तेवढी नाहीत. त्यांच्या खेळाडूचा झेल तितकाच चांगला असला तरी त्याच्यासाठी फोन उचलणारे कमी. म्हणून माझी विनंती आहे: ज्या आठवड्यात तुमच्या संघाचा झेल यादीत नसेल, त्या आठवड्यात जरूर मत द्या. तुमचं सगळ्यात प्रामाणिक मत तेच असतं. आणि संघाचा झेल असेल तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा. हाच झेल आपल्या खेळाडूवर चढून घेतला असता तर आपण काय म्हटलं असतं?

हंगामभर लक्षात ठेवणं हा वेगळा प्रश्न. ऑगस्ट उजाडतो तेव्हा मार्चमधला झेल कुणाला आठवत नाही, आणि अंतिम यादी आली की ताज्या क्लिपा जड वाटतात. एक वही ठेवा. फेरी, खेळाडू, कोणाविरुद्ध, आणि एक ओळ. ओळ ‘छान’ अशी नको. ‘मागे धावत, पावसात, बोटांत स्वच्छ, पडतानाही सुटला नाही’ अशी हवी. मी प्रत्येकासमोर जातही लिहिते: स्पेकी, पॅक, पाठमोरा. अंतिम यादी आल्यावर ती ओळ वाचून मग क्लिप परत बघायची. पाच महिन्यांपूर्वी आपल्याला काय दिसलं होतं ते समोर असलं की ताज्याची भुरळ कमी पडते.

बायकांच्या स्पर्धेकडेही बघा. एएफएलडब्ल्यू २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिचा वेगळा मार्क ऑफ द इयर असतो. तिथे पॅक मार्क आणि एकास एकच्या झुंजी सुरेख असतात. ज्यांना फक्त उंची दिसते त्यांनी तर तिथूनच नजर तयार करावी.

स्वतःच्या क्लबात असं मतदान घ्यायचं असेल तर

आमच्याकडे सिनियर संघासाठी मी हे चालवते, त्यातून जमलेल्या चार गोष्टी सांगते. सगळ्या क्लिपा एकाच कोनातून द्या, शक्य नसेल तर प्रत्येकाचे दोन कोन द्या. क्लिप किक बसायच्या आधी सुरू व्हावी आणि शिट्टीनंतर संपावी. आवाज काढून टाका, बाकावरच्या मित्रांचं ओरडणं त्यात नको. खेळाडूचं नाव लिहू नका, फक्त क्लिपचा क्रमांक. लोक ओळखतात ते ओळखतातच, पण नाव समोर नसलं की नवा आलेला मुलगा आणि कॅप्टन यांच्यातलं अंतर जरा कमी होतं.

दोन वेगवेगळी मतं घ्या, एक उंच झेलासाठी आणि एक गर्दीत किंवा मागे धावत घेतलेल्या झेलासाठी. हे सुरू केल्यापासून बचावपटूंची नावं यायला लागली. त्याआधी यादीत फॉरवर्डच असायचे.

लहान मुलांच्या गटांत मात्र हे मतदान घेऊ नका, निदान मी घेत नाही. दहा वर्षांच्या मुलाला बक्षीस दिसलं की तो दुसऱ्याच्या पाठीवर चढायला जातो, आणि त्या वयात पडायचं कसं हे दोघांनाही माहीत नसतं. त्यांच्यासाठी हात नीट उघडणं, अंगठे चेंडूच्या मागे ठेवणं, डोळे न मिटणं, यांचंच कौतुक करा. ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्यांसमोर नाव घेतलं तरी पुरतं.

सामना शनिवारी, क्लिपा रविवारी रात्रीपर्यंत, मतदान गुरुवारच्या ट्रेनिंगनंतर बंद. बरोबरी झाली तर मी दोघांनाही देते, फेरमतदान घेत नाही. पुढच्या शनिवारचा सामना तोवर दारात आलेला असतो.